माळ्यावरची रिमोटची गाडी पुन्हा धावती करताना

माळ्यावरच्या खोक्यात जुनी रिमोटची गाडी सापडली की घरातल्या सगळ्यांना एकच घाई होते: सेल घालून बघू, चालते का. तेवढं करू नका. तीस-पस्तीस वर्षांच्या धुळीनं आणि दमटपणानं जे बिघडलं नाही, ते पहिल्याच संध्याकाळच्या उत्साहात बिघडतं. आत मोटर अडकलेली असते. तिला वीज मिळते पण फिरता येत नाही, मग गुंडाळी तापते, स्पीड कंट्रोलरचा रेझिस्टर जळतो, आणि जोर लावून मोटर सुटलीच तर वाळून ठिसूळ झालेल्या गिअरचे दात तुटतात. दुरुस्तीजोगी गाडी अशी एका मिनिटात भंगारात जाते. या लेखात कामाचा क्रम सांगण्यावर माझा भर आहे तो त्यासाठीच. बहुतेक कामं सोपी आहेत. कोणतं आधी आणि कोणतं नंतर, एवढंच चुकता कामा नये.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात अशा गाड्या अजून निघतात. ऊर्जानगर, दुर्गापूर, घुग्घुस, माजरीच्या वसाहती, बल्लारपूरची पेपर मिल, भद्रावतीची आयुध निर्माणी या ठिकाणी नोकरीच्या निमित्तानं देशभरातून माणसं आली आणि त्यांच्यासोबत त्यांचं सामानही आलं. कुणाच्या मामानं आखातातून आणलेली निक्को बनावटीची गाडी, कुणी मुंबईहून घेतलेली तैवानी गाडी, क्वचित एखादी तामियाची. वडील निवृत्त झाले, क्वार्टर सोडलं, खोकं मात्र नव्या घराच्या माळ्यावर गेलं.

आधी हे ठरवा की हातात आलेली गाडी कोणत्या जातीची आहे. खेळण्याच्या दुकानातल्या गाडीत मोटर, स्टीअरिंग आणि रिसीव्हर हे सगळं एकाच पट्टीवर डाग देऊन जोडलेलं असतं. हौशी लोकांसाठी बनलेल्या गाडीत प्रत्येक भाग सुटा असतो आणि सुटा मिळतोही. तामिया ही जपानच्या शिझुओका शहरातली कंपनी. तिची पहिली रिमोटवर चालणारी गाडी १९७६ ची पोर्शे ९३४. त्यानंतर १९७९ ची सँड स्कॉर्चर, १९८३ ची फ्रॉग, १९८४ च्या ग्रासहॉपर आणि हॉर्नेट, १९८५ ची हॉटशॉट, १९८७ ची लंच बॉक्स अशी रांग लागली. यातल्या बऱ्याच गाड्या कंपनीनं पुढे पुन्हा बाजारात आणल्या, आणि आपल्यासाठी ही फार चांगली बातमी आहे, कारण नव्या आवृत्तीचे अनेक भाग जुन्या गाडीला बसतात. खोक्यावरचा पाच आकडी क्रमांक जपून ठेवा. मूळ हॉर्नेटचा क्रमांक ५८०४५ आणि २००४ च्या पुनरावृत्तीचा ५८३३६, यावरून गाडीचं वय लगेच कळतं. खोकं उधईनं खाल्लं असेल तर चासी उलटी करून खालची अक्षरं वाचा. क्रमांक कळला की जोडणीची मूळ पुस्तिका इंटरनेटवर सापडते. ती छापून घ्या आणि त्याशिवाय एकही स्क्रू काढू नका.

मग मोबाइलनं फोटो काढा. वरून, खालून, आतून, आणि तारा कुठून कुठे जातात त्याचे जवळून. उघडताना निघालेला प्रत्येक भाग लहान पिशवीत घालून वर नाव लिहा. जपानी गाडीच्या स्क्रूंबद्दल एक गोष्ट इथल्या दुकानांत सहसा कुणी सांगत नाही. या स्क्रूंच्या माथ्यावरची फुली जपानी मापाची असते. आपल्याकडचा नेहमीचा स्टार स्क्रू ड्रायव्हर तिच्यात पूर्ण बसत नाही, घसरतो आणि फुली गोल करून टाकतो. जपानी मापाचा एक ड्रायव्हर मागवलात तर तो जन्मभर पुरेल. तो मिळेपर्यंत काम थांबवणं परवडतं. परत जोडताना प्लास्टिकमध्ये स्क्रू घालायचा असेल, तर आधी तो अलगद उलटा फिरवा. जुन्या आट्यांत बसला की बोटाला बारीकसा टक्क जाणवतो, तिथून पुढे सुलटा आवळा. थेट आवळला तर तो नवे आटे पाडतो, आणि असं दोन-तीनदा झालं की भोक सैल होतं.

आता आपल्या हवामानानं केलेलं नुकसान बघू. चंद्रपूरच्या गाडीत जी बारीक राखाडी पूड निघते ती साधी धूळ नसते. औष्णिक वीज केंद्राची राख आणि खाणीतल्या कोळशाची भुकटी तिच्यात मिसळलेली असते. राखेचे कण काचेसारखे कठीण असतात. ग्रीसमध्ये मिसळले की ते पॉलिश पेपरचं काम करतात आणि गिअर झिजवतात. म्हणून जुन्या ग्रीसवर नवं ग्रीस कधीही लावू नका, आतलं सगळं काढून टाका. गडचिरोलीकडे, विशेषतः अहेरी, भामरागड, एटापल्लीच्या पट्ट्यात राखेपेक्षा ओल जास्त छळते. तिथे स्टीलचे दांडे गंजतात, तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडतात, सर्किटवर बुरशी चढते. दोन्ही जिल्ह्यांत कुंभारमाशी सापडेल त्या भोकात मातीचं घर बांधते. मोटरच्या खिडक्या आणि अँटेनाची नळी टॉर्च लावून तपासा. उंदरानं तारा कुरतडल्या आहेत का, तेही बघा.

सेलच्या कप्प्यातला पांढरा-निळसर थर पुसण्याआधी तिथे कोणते सेल होते ते शोधा. अल्कलाइन किंवा जुने निकेल-कॅडमियम सेल फुटले असतील तर बाहेर आलेला पदार्थ क्षारीय असतो. त्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस कापसाच्या काडीनं लावायचा, फेस थांबला की पाण्यानं आणि मग स्पिरिटनं पुसायचं. आपले नेहमीचे स्वस्त झिंक-कार्बन सेल फुटले असतील तर तो चिकट द्रव किंचित आम्लधर्मी असतो. तिथे खायच्या सोड्याचं पातळ पाणी हवं. काम करताना हातमोजे घाला. निकेल-कॅडमियमचा जुना पॅक कितीही धडधाकट दिसला तरी वापरू नका. त्यातलं कॅडमियम विषारी असतं, त्यामुळे तो उकिरड्यावर किंवा शेकोटीत टाकायचा नाही. बॅटरी कचऱ्याचे २०२२ चे नियम जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकतात. पॅक टेपनं गुंडाळून ठेवा आणि बॅटरीच्या दुकानात किंवा ई-कचरा गोळा होतो तिथे द्या.

स्पिरिटबद्दल थोडं. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. तिथे औषधाच्या दुकानात स्पिरिटची मोठी बाटली मागितली तर दुकानदार दोन प्रश्न विचारणार, आणि ते योग्यच आहे. मोबाइल दुरुस्त करणारे सर्किट धुवायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात, ते मागून घ्या. या कामाला तेच जास्त चांगलं.

प्लास्टिक धुवायला कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश पुरतो. पाणी कढत नको. मोटर, सर्व्हो (हात हलवणारी छोटी मोटर), रिसीव्हर आणि स्टिकर लावलेली बॉडी टबात बुडवायची नाही. पेट्रोल, थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर बॉडीपासून दूर ठेवा. हॉर्नेट आणि फ्रॉगच्या बॉडी पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या असतात आणि त्यांना रंग आतल्या बाजूनं दिलेला असतो. थिनरचा नुसता फडका लागला तरी त्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात, आणि त्या भेगांवर कुठलाच उपाय नाही. ग्रासहॉपर आणि लंच बॉक्सची बॉडी कडक प्लास्टिकची असते, तिलाही थिनर सोसत नाही.

तुटलेला भाग जोडताना ते प्लास्टिक कोणतं हे ओळखणं हीच अर्धी दुरुस्ती. चासी बहुधा एबीएसची असते. शुद्ध ॲसिटोनमध्ये एबीएसचे तुकडे विरघळवून केलेली दाट लापशी भेगेत भरली की ती जागा वाळल्यावर एकजीव होते. थ्रीडी प्रिंटरच्या एबीएस तारेचे तुकडे त्यासाठी उत्तम. जिथे धक्का बसतो, उदाहरणार्थ पुढच्या चाकांचा आधार, तिथे आतून ॲल्युमिनियमची पातळ पट्टी बारीक स्क्रूंनी बसवा. स्टीअरिंगचे हात आणि चाकाचे आधार अनेकदा नायलॉनचे असतात. त्यांना कुठलाही गोंद धरत नाही, नवा भागच हवा. पॉलिकार्बोनेटच्या भेगेच्या टोकाला बारीक गोल भोक पाडलं की भेग पुढे सरकत नाही. मग आतून जाळीची टेप आणि न्यूट्रल सिलिकॉन लावायचं. पारदर्शक भागाजवळ फेविक्विक वापरू नका. त्याच्या वाफेनं काचेवर पांढरा धूर चढतो.

पांढरं प्लास्टिक पिवळं पडलं असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन हा मार्ग आहे. ऊन तर आपल्याकडे भरपूर. पण मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर गेला की उन्हात ठेवलेलं प्लास्टिक वाकतं, म्हणून हे काम डिसेंबर-जानेवारीच्या कोवळ्या उन्हात करा. स्टिकर लावलेल्या आणि रंगवलेल्या भागावर हा प्रयोग नको. मला स्वतःला किंचित पिवळी पडलेली गाडी आवडते. गाडीच्या वयाचा तो खरा रंग आहे आणि तिच्या चालण्यात त्यानं काही अडत नाही.

गिअरबॉक्स उघडल्यावर सगळ्यात जास्त वेळ तिथे द्या. स्टीलचे भाग रॉकेलमध्ये धुवा, प्लास्टिकचे साबणाच्या पाण्यात. प्रत्येक गिअरचा प्रत्येक दात उजेडात धरून बघा. एक दात गेलेला असेल तरी तो गिअर बदला, कारण तो शेजारच्यालाही घेऊन जातो. गंजलेले स्क्रू आणि दांडे रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवून सकाळी सोड्याच्या पाण्यात धुवा आणि लगेच मशीनचं तेल लावा. चकचकीत मुलामा असलेले भाग मात्र त्यात घालू नका, मुलामा निघून जातो. त्या काळच्या तामियाच्या बऱ्याच गाड्यांत चाकाच्या दांड्यावर बेअरिंगऐवजी साधे बुश असायचे. त्यांच्या जागी ५ मिलिमीटर आतला आणि ११ मिलिमीटर बाहेरचा व्यास असलेली लहान बॉल बेअरिंग बसतात. मूळ वस्तूपासून ढळून केलेला हा एक बदल मी बिनदिक्कत सुचवतो, कारण त्यानं मोटरवरचा ताण कमी होतो आणि जुने बुश पिशवीत जपून ठेवता येतात. दांडा वाकला असेल आणि नवा मिळत नसेल, तर एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे मूळ दांडा घेऊन जा. खाणीच्या यंत्रांचे सुटे भाग घडवणाऱ्या त्या हातांना एवढासा दांडा जड नाही. फक्त मोठं काम सुरू असताना जाऊ नका, आणि माप व्हर्नियरनं घेऊनच सांगा.

परत जोडताना ग्रीस कमी लावा. मोटरचा लहान गिअर मोठ्या गिअरला भिडवताना मधून वहीच्या कागदाची पट्टी घाला, घट्ट करा आणि पट्टी फिरवून बाहेर काढा. तेवढी फट राहिली की आवाज योग्य येतो.

मोटर बहुधा माबुचीची ५४० किंवा ३८० मापाची असते. तिची पत्र्याची डबी उघडायचा मोह आवरा. कान वाकवून उघडलेली डबी पुन्हा तशी बसत नाही. दांडा हातानं फिरवा. अडखळत का होईना फिरला की खिडक्यांतून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या, दोन्ही टोकांच्या बुशला तेलाचा एकेक थेंब द्या. मग मोटर गाडीबाहेर ठेवूनच तिला दोन सेलचे ३ व्होल्ट द्या आणि काही मिनिटं हलकी फिरू द्या. ठिणग्या कमी होत गेल्या तर कार्बन जागेवर बसत आहेत. मोटरच्या टोकांना डाग दिलेले १०४ लिहिलेले लहान कपॅसिटर तुटले असतील तर तेच बसवा. ते नसले की मोटरची खरखर रिसीव्हरमध्ये शिरते, गाडी मधूनच वेडीवाकडी पळते आणि लोक दोष रिमोटला देतात.

ऐंशीच्या दशकातल्या गाड्यांत वेग बदलणारा यांत्रिक कंट्रोलर असायचा. सर्व्होचा हात तांब्याच्या पट्टीवर सरकायचा आणि मधल्या वेगांसाठी रेझिस्टर होता. पट्टी खोडरबरानं घासली की चमकते. तो रेझिस्टर चालताना खूप तापतो, म्हणून त्याला बॉडी किंवा तार टेकू देऊ नका. गाडी रोज चालवायची असेल तर हे सगळं काढून आजचा ब्रश मोटरसाठीचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर बसवा. अधूनमधून चालवून दाखवायची असेल तर जुनाच ठेवा. टप्प्याटप्प्यानं वेग घेणारी ती चाल नव्या कंट्रोलरमध्ये येत नाही.

रेडिओबाबत अनेक जण उगाच घाबरतात. जुने संच २७ मेगाहर्ट्झवर चालायचे. रिमोटमध्ये एक क्रिस्टल आणि गाडीत दुसरा, आणि दोघांत ४५५ किलोहर्ट्झचा फरक. जोडी जुळली नाही तर गाडी हलणार नाही. क्रिस्टलवरच्या पट्टीचा रंग वाहिनी सांगतो: तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. रिमोटमधला आणि गाडीतला रंग जुळतो का ते आधी बघा. फुगलेले किंवा गळलेले कपॅसिटर टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जुन्या कारागिराकडून बदलून घ्या. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या तरुणापेक्षा या कामात त्यांचा हात जास्त बसलेला असतो. खेळण्याच्या दुकानातल्या गाडीची सर्किटची पट्टी जळली असेल तर ती दुरुस्त करण्यापेक्षा रिमोट आणि पट्टीची नवी जोडी घालणं सोपं. हौशी गाडीला २.४ गिगाहर्ट्झचा नवा संच लावता येतो आणि या लहरींवर आपल्याकडे परवाना लागत नाही. मात्र जुना सर्व्हो नव्या रिसीव्हरला लावण्यापूर्वी तारांचा क्रम तपासा. जुन्या सान्वा बनावटीत तो आजच्यापेक्षा वेगळा असायचा आणि चुकीचा लावला की सर्व्हो जळतो.

गाडी सुरू करताना आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. हा क्रम घरातल्या लहानांकडून पाठ करून घ्या, कारण रिमोट बंद असताना गाडी चालू राहिली तर ती पूर्ण वेगानं भिंतीवर जाऊ शकते. पहिली चाचणी चासीखाली ठोकळा ठेवून, चाकं अधांतरी असताना.

बॅटरी ७.२ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइडची घ्या. लिथियम पॅक हलका आणि जोरदार असतो, पण यांत्रिक कंट्रोलरला तो वेळेत थांबवता येत नाही आणि जास्त रिकामा झालेला लिथियम पॅक धोकादायक ठरतो. आपल्या उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे करा. सेल आधीच तापलेले असले की ते नीट भरत नाहीत आणि लवकर मरतात. खेळून आल्यावर पॅक थंड होईपर्यंत चार्जरला लावू नका.

सुटे भाग मागवताना हात थोडा आखडा. परदेशी खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. एकेक भाग वेगळा मागवण्यापेक्षा यादी करून एकदाच मागवा, आणि तेही पावसाळ्याआधी. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचं पार्सल अलीकडेच थांबतं. स्टिकर इथेच होतात. जुने स्टिकर काढण्याआधी सपाट धरून स्कॅन करा आणि नंबर प्लेटवाल्या रेडियमच्या दुकानात द्या, ते हुबेहूब कापून देतात. जुने टायर साबणानं धुऊन जपा आणि चालवायला नवे घाला. तडकलेले टायर तेल चोळून मऊ होत नाहीत, उलट रबर फुगतं.

काढलेला कुठलाही मूळ भाग फेकू नका, तुटलेला असला तरी. उद्या तुमच्याहून चांगला कारागीर तो जोडू शकेल, किंवा त्यावरून माप घेऊन नवा छापेल. सगळं नवंकोरं करून टाकण्याच्या मी विरोधात आहे. तीस वर्षांपूर्वी एखाद्या मुलानं ब्रशनं लिहिलेला शर्यतीचा क्रमांक पुसून तिथे छापील क्रमांक चिकटवला, तर गाडीची किंमत कमीच होते.

गाडी कुठे चालवायची हा प्रश्न इथे गंभीर आहे. शाळेचं मैदान किंवा वसाहतीतला डांबरी रस्ता चांगला. ओली काळी माती आणि सैल मुरूम टाळा, दोन्ही गिअरबॉक्सच्या फटींतून आत जातात. ताडोबाच्या परिसरात ती नेऊच नका. दुर्गापूर-ऊर्जानगरकडे बिबट्यांचा वावर असतो. तिथे अंधार पडण्याआधी खेळ आवरा, आणि गाडी झुडपात शिरली तर मुलाला एकट्याला तिच्यामागे धावू देऊ नका, मोठ्या माणसानंच जावं. गडचिरोलीत प्रवासात गाडी नेत असाल तर बॅटरी सोडवून वेगळी ठेवा. नाक्यावर तपासणी झाली की तारा, रिमोट आणि मोटर स्वतःहून उघडून दाखवा.

ठेवताना चासीखाली लाकडाचा ठोकळा द्या, म्हणजे वजन टायरवर येत नाही. आरा मशीनवर सागाचा तुकडा सहज मिळतो. सेल काढून ठेवा. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि पावसाळ्यात त्या बदलत राहा. डांबरगोळ्या मात्र चुकूनही टाकू नका. कपड्यांसोबत त्या ठेवायची आपल्याला सवय आहे, पण त्यांच्या वाफेनं पॉलिस्टायरिनचं प्लास्टिक मऊ होऊन चिकटतं. डब्याच्या झाकणाला आतून एक कागद लावा: कोणता भाग कधी बदलला, मूळ भाग कोणत्या पिशवीत आहे, बॅटरी किती व्होल्टची, आणि क्रिस्टलचा रंग कोणता.